एलन केली, नेडची आई आणि ८८ एकरांची शेतकरीण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेलबर्नला आलेले पाहुणे जुना जेल बघतात, नेड केली या दरोडेखोराला फाशी दिली ती जागा बघतात आणि मग कुणीतरी सांगतं की त्या दिवशी त्याची आई याच जेलमध्ये सजा भोगत होती. तिथून प्रश्न सुरू होतात. नेडवर ढिगाने लिहिलं गेलंय, त्यामुळे इथे तो येईल तेवढाच येईल. ही बाई दरोडेखोराची आई म्हणून फेमस झाली, पण तिचं बहुतेक आयुष्य गेलं ते जमिनीचा तुकडा धरून ठेवण्यात, आणि ते सोडून दिलं तर बाकीची गोष्ट नीट कळतच नाही असं माझं मत आहे.

प्र. थोडक्यात सांगा, ही कोण?

माहेरची एलन क्विन. जन्म साधारण १८३२ चा, आयर्लंडच्या उत्तरेकडच्या अँट्रिम काउंटीतला, कॅथलिक घर. १८४१ मध्ये आईबाप आणि भावंडांबरोबर पोर्ट फिलिपला आली, म्हणजे आत्ताचं मेलबर्न. १८५० मध्ये लग्न, १८६६ मध्ये विधवा, मग व्हिक्टोरियाच्या ईशान्य भागात ग्रेटाजवळ ८८ एकर जमीन, एकूण १२ बाळंतपणं, तीन वर्षांची सक्तमजुरी, आणि १९२३ मध्ये नव्वदी ओलांडून गेली. नेड हा तिचा सगळ्यात मोठा मुलगा.

प्र. बटाट्याच्या दुष्काळामुळे देश सोडला ना?

नाही, आणि हा गैरसमज जवळपास सगळ्यांचा असतो. बटाट्यावर करपा पडला १८४५ ला, क्विन मंडळी त्याच्या चार वर्षं आधीच निघाली होती. दुष्काळात दहाएक लाख माणसं मेली आणि त्याहून जास्त देश सोडून गेली म्हणून आपल्याला वाटतं आयरिश माणूस बाहेर पडला म्हणजे भूकच कारण, पण अँट्रिमसारख्या भागात त्याआधीच घडी विस्कटलेली होती. तिकडे लहान शेतकऱ्याच्या घरात बायका अळशीच्या धाग्याचं सूत घरी कातायच्या आणि त्या पैशावर जमीनदाराचा खंड भागायचा. बेलफास्टला मशीनवर सूतकताई सुरू झाली आणि बायकांची ही कमाई गेली, खंड मात्र होता तिथेच, आणि जमिनीचे वाटे होत होत तुकडे.

त्यात ऑस्ट्रेलियाच्या कॉलनीला माणसं हवी होती. तिकडची सरकारी जमीन विकून आलेल्या पैशातून कामकरी कुटुंबांचं जहाजाचं भाडं भरायची स्कीम होती, त्यामुळे खिशात फार नसलेल्यालाही चार महिन्यांचा समुद्रप्रवास जमायचा. एलन तेव्हा आठ-नऊ वर्षांची. म्हणजे तिला आयर्लंड आठवत असणार, पण मोठी झाली ती इथेच, मेलबर्नच्या आसपास वडील खंडाने जमीन घेत घेत उत्तरेकडे सरकत होते त्या वाड्यावस्त्यांवर.

दुष्काळात आलेल्या मुलींची गोष्ट वेगळी आहे. १८४८ ते १८५० मध्ये आयर्लंडच्या अनाथ-निराधारांच्या सरकारी आसऱ्यांमधून चार हजारांवर पोरी ऑस्ट्रेलियात पाठवल्या. त्यातल्या कित्येक आधी घरकामाला लागल्या आणि मग शेतकऱ्यांशी लग्न करून गावाकडे गेल्या. त्या एकट्या आल्या होत्या, एलनचं तसं नव्हतं, तिच्यामागे सख्खं आणि मोठं खटलं होतं.

प्र. कैदी म्हणून पाठवली होती का?

ती नाही, नवरा. जॉन केली, सगळे रेड म्हणायचे, टिपरेरीचा. दोन डुकरं चोरल्याबद्दल सात वर्षांची शिक्षा होऊन टास्मानियाला पाठवला गेला, सुटल्यावर समुद्र ओलांडून व्हिक्टोरियात आला. नोव्हेंबर १८५० मध्ये मेलबर्नच्या सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये लग्न झालं. ती अठरा, तो तीस. तिच्या बापाला हा जावई पसंत नव्हता असं सांगतात, आणि सुटलेला कैदी म्हटल्यावर कुठल्या बापाला असणार.

प्र. नवरा होता तोवर बरं चाललं होतं?

सुरुवातीला हो. सोन्याच्या खाणींचा तो काळ, रेडने थोडे पैसे केले, बेव्हरिजला जमीन घेतली, नेड तिथलाच. पण जमीन टिकली नाही. १८६४ मध्ये अव्हेनेलला गेले, तिथे खंडाची शेती, आणि पुढच्याच वर्षी रेडकडे गुराचं कातडं सापडलं, ते कुठून आणलं हे त्याला सांगता आलं नाही. दंड २५ पौंड, नाहीतर सहा महिने आत. पैसे नव्हते म्हणून आत गेला. बाहेर आला तो दारूच्या पुरता नादी लागला, अंगावर सूज चढली, आणि १८६६ च्या डिसेंबरात नाताळ होऊन दोन दिवस झाले नाहीत तर गेला. मृत्यूची नोंद करायला गेला तो नेड, वय बारा-एक. एलन चौतीसची, हाताशी सात मुलं.

प्र. मग ग्रेटाला कशी पोचली?

तिच्या बहिणी तिकडे होत्या म्हणून. आयरिश शेतकरी घरांत हे कायम दिसतं, बाई अडचणीत आली की सासरपेक्षा माहेरच्या गोतावळ्याकडे सरकते. ग्रेटाला एका बंद पडलेल्या हॉटेलात बहिणी आणि त्यांची पोरं सगळी एकत्र राहत होती. १८६८ मध्ये रेडचा भाऊ तिथे दारू पिऊन आला, एलनने त्याला हाकलला, तर त्याने रात्री घरच पेटवून दिलं. आत बायका आणि झोपलेली पोरं. सगळी वाचली पण कपडे-भांडी काही राहिलं नाही. त्याला आधी फाशी सुनावली, नंतर ती पंधरा वर्षांवर आणली. न्यायाधीश सर रेडमंड बॅरी. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागेल.

त्या आगीनंतर तिने इलेव्हन माइल क्रीकला ८८ एकर घेतली.

प्र. ८८ एकर?! मग बाई बागायतदारच की, गरीब कशी?

आपल्याकडे कुणाच्या सातबाऱ्यावर ८८ एकर दिसली तर गावात मान वेगळा, त्यामुळे हा प्रश्न येणारच. पण तिथलं गणित निराळं होतं, जरा सविस्तर सांगते.

पहिली गोष्ट, ही जमीन तिच्या मालकीची नव्हती. तिथल्या चांगल्या जमिनी मेंढ्यावाल्या बड्या लोकांनी, स्क्वॉटर म्हणायचे त्यांना, हजारो एकरांत आधीच धरून ठेवलेल्या होत्या. खाणी ओसरल्यावर रिकाम्या हातांना जमीन द्यावी म्हणून सरकारने १८६० च्या दशकात एकामागून एक कायदे केले आणि लहान माणसाला तुकडा निवडून घ्यायची मुभा दिली, त्यांना म्हणायचे सिलेक्टर. १८६९ च्या कायद्यात जास्तीत जास्त ३२० एकर मिळायची, एकरी वर्षाला २ शिलिंग भरायचे, तिथेच राहायचं, कुंपण घालायचं, तीन वर्षांत दहातला एक भाग तरी लागवडीखाली आणायचा. हे केलंत तर पुढे जमीन नावावर व्हायचा रस्ता, नाही केलंत तर जमीन परत. विधवेला आणि लग्न न झालेल्या बाईला अशी जमीन घेता यायची, नवऱ्याबरोबर नांदणाऱ्या बाईला नाही. म्हणजे एलनला स्वतःच्या नावाने जमीन धरता आली ती नवरा मेला म्हणून. कायदा किती चमत्कारिक असतो बघा.

दुसरी गोष्ट, ८८ एकर म्हणजे ८८ एकर शेत नव्हे, जंगल. मोठमोठी गमची, म्हणजे निलगिरीच्या जातीची झाडं. तोडायला माणूसबळ नाही म्हणून बुंध्याची साल गोल पट्टा काढून सोलायची आणि झाड उभ्या उभ्या वाळू द्यायचं, मग वाळलेल्या झाडांच्या मधून जमेल तेवढं खणायचं. कुंपणासाठी लाकूड फोडून खांब आणि आडवे वासे. एका विधवेने आणि तिच्या शाळकरी वयाच्या पोरांनी हे करायचं, बैल आणि नांगर उसनवारीवर. गहू पेरला तर एकरी उतारा कमी, वर्ष ओलं गेलं की तांबेरा, कोरडं गेलं की ओढा आटलेला. पिकलंच तरी बाजार लांब, रेल्वे त्या भागात आली १८७३ ला. मेंढ्या पाळायच्या तर ८८ एकरात पोट भरेल एवढ्या बसत नाहीत. दूधदुभतं आणि थोडी गुरं एवढंच काय ते जमण्यासारखं.

आणि गुरं आली की कोंडवाडा आला. कुंपण धड नसेल तर गाय शेजारच्या बड्या माणसाच्या हद्दीत जाणार, तो ती कोंडवाड्यात घालणार, सोडवायला रोख पैसे, आणि पैसे नाही भरले तर लिलाव. नेडने पुढे जेरिल्डरी गावात जे लांबलचक पत्र लिहून घेतलं त्यात पोलिसांना शिव्या आहेतच, पण या कोंडवाड्यांचा रागही तेवढाच आहे. शेतकऱ्याच्या घरातला माणूस वाचतो तेव्हा तो भाग त्याला लगेच कळतो.

प्र. घर कसं होतं?

१८७७ मध्ये निकोल्सन नावाचे मोठे पोलीस अधिकारी तिथे जाऊन आले आणि पुढे १८८१ च्या चौकशी आयोगासमोर त्यांनी जे सांगितलं त्यात हे घर दिसतं. रस्त्याकडेला थोडी साफ केलेली जमीन, जुनी लाकडी झोपडी, वर झाडाच्या सालीचं मोठं छप्पर, आणि आत घोंगड्या-रगांचे पडदे लावून केलेले पाच भाग. पुरुष कुणी नाही, मुलं आणि दोन पोरी. त्यांच्या नजरेला फक्त दारिद्र्य आणि घाण दिसली. मला त्यात ते पाच भाग दिसतात. एका खोपटात घोंगड्या टांगून पाच खोल्या करणारी बाई म्हणजे वयात आलेल्या पोरी, पोरं, भाडेकरू आणि स्वतः यांची झोपायची सोय कशी लावायची याचा रोज विचार करणारी बाई.

प्र. शेतावरची बाई दिवसभर काय करायची?

एलनने डायरी वगैरे लिहिलेली नाही, पण तशा सिलेक्टर घरांतलं बाईचं काम ठरलेलं होतं. पहाटे धारा. दूध पसरट भांड्यांत रात्रभर निवत ठेवायचं, सकाळी वर आलेली साय पळीने काढायची, ती साठवून घुसळायची. लोणी आलं की ताक पूर्ण निघेपर्यंत ते पाण्यात परत परत धुवायचं, कारण ताक राहिलं तर दोन दिवसांत खवट होतं, मग मीठ मळायचं आणि ओल्या फडक्यात गुंडाळून गाडीने दुकानात. दुकानदार रोख क्वचितच द्यायचा, खात्यावर चहा, साखर, पीठ वळतं करायचा. आपल्याकडच्या बायकांना विरजण लावून ताक घुसळायची सवय, तिकडे सायीचंच लोणी, पण मनगटाचं दुखणं तेच.

भाकरी म्हणजे डँपर, पीठ-मीठ-पाणी मळून लोखंडी झाकणाच्या जड भांड्यात ठेवायचं, खाली निखारे आणि झाकणावर निखारे. डुक्कर मारलं की मांस मिठात मुरवायचं, चरबीचे दिवे, चरबी आणि राखेच्या पाण्याचा साबण. पाणी ओढ्यावरून. बटाटे आणि कोबीचा तुकडा घरामागे, तो बाईचाच. कापणीच्या वेळी ती शेतातही. आणि हे सगळं पोटात नाहीतर काखेत पोर घेऊन, डॉक्टर गावात, बाळंतपणाला बहिणी आणि शेजारणी.

घोड्यावर मात्र पक्की होती. केली घरातल्या सगळ्याच पोरी घोड्यावर पुरुषांच्या तोडीच्या.

प्र. दारू विकायची हे खरं का?

हो. लायसन्स न घेता. वाटेवरचं घर, येणारा-जाणारा थांबायचा, जेवण, झोपायला जागा आणि एक ग्लास. लोण्याच्या पैशात हप्ता भागत नव्हता तो यातून. भाडेकरूही ठेवायची. हे बेकायदा होतं आणि ईशान्य व्हिक्टोरियात एकटीच ती करत होती असंही नाही. पण त्यामुळे घरात नको ती माणसं यायची, हॅरी पॉवरसारखा वाटमाऱ्या ओळखीचा झाला, आणि पंधरा वर्षांचा नेड काही दिवस त्याच्या मागे हिंडला.

प्र. दुसरं लग्न? की नुसतंच...?

हा प्रश्न लोक जरा मिशीतल्या मिशीत हसत विचारतात. बिल फ्रॉस्ट नावाच्या माणसाबरोबर राहिली, लग्नाचं वचन होतं, १८७० मध्ये मुलगी झाली आणि तो दुसरीशी लग्न करून मोकळा. एलन गप्प बसली नाही, कोर्टात जाऊन पोटगीचा दावा लावला. पोर पुढे वाचली नाही ते वेगळं. मग १८७४ मध्ये जॉर्ज किंगशी लग्न, तो कॅलिफोर्नियाचा, जवळपास नेडच्याच पिढीचा. लग्न बेनालात एका मेथडिस्ट पाद्र्याच्या घरी झालं, कॅथलिक बाईचं, आणि साक्षीदारांत नेड. तीन मुलं झाली आणि तोही एक दिवस निघून गेला तो गेलाच.

मला विचाराल तर शेतावर कर्ता पुरुष लागतो या हिशेबाने तिने दोनदा माणूस बघितला आणि दोनदा फसली. लोक मात्र तिला शेवटपर्यंत मिसेस केलीच म्हणत राहिले.

प्र. मुलं खरंच चोर होती की पोलिसांनी अडकवली?

दोन्ही. घोडे चोरले जायचे, नेडने स्वतःच पत्रात ते कबूल केलंय, उगाच संत करायची गरज नाही. आणि पोलीसही या घरावर डोळा ठेवून होते, वरिष्ठांचा उद्देशच होता की ही माणसं या भागातून उठवायची. ज्या बाईची जमीन तिथे राहण्यावर टिकलेली, तिला उठवणं म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको.

प्र. तिला शिक्षा कशाबद्दल झाली?

१५ एप्रिल १८७८. फिट्झपॅट्रिक नावाचा कॉन्स्टेबल संध्याकाळी एकटाच आला, नेडचा धाकटा भाऊ डॅन याला घोडेचोरीसाठी धरायला. पुढे काय झालं याच्या प्रत्येकाच्या तऱ्हा वेगळ्या. त्याचं म्हणणं, नेडने गोळी झाडली, मनगटाला लागली, आणि एलनने चुलीजवळचं फावडं डोक्यात घातलं, हेल्मेट चेपलं. केली लोकांचं म्हणणं, तो पिऊन आला होता, त्याने एलनच्या मुलीशी, केटशी चाळा केला, नेड तर तिथे नव्हताच. पोलिसांनी एलनला धरली, कडेवर तान्ही अ‍ॅलिस. तिचा जावई आणि शेजारीही धरले. ऑक्टोबरात बीचवर्थच्या कोर्टात खुनाच्या प्रयत्नात मदत केली म्हणून तिला तीन वर्षं सक्तमजुरी, त्या दोघांना सहा-सहा. न्यायाधीश पुन्हा बॅरी. फिट्झपॅट्रिकला १८८० मध्ये पोलिसांतून काढून टाकला, पण त्याने हिची शिक्षा काही उतरली नाही.

शिक्षा होऊन महिना होत नाही तो स्ट्रिंगीबार्क क्रीकला नेडच्या टोळीने तीन पोलीस मारले. आईला डांबलं हे त्याच्या मनात किती होतं यावर लोक अजून भांडतात.

प्र. म्हणजे इंग्रज विरुद्ध आयरिश असा मामला?

ऐकायला छान वाटतं, पण जमत नाही. न्यायाधीश बॅरी कॉर्कचा, म्हणजे आयर्लंडचाच, फक्त प्रॉटेस्टंट बड्या घरातला. मारले गेलेले तिन्ही पोलीस, केनेडी, लोनिगन, स्कॅनलन, आयर्लंडमध्ये जन्मलेले. गुरं कोंडवाड्यात घातल्याचा नेडला ज्याचा सगळ्यात राग तो व्हिटी, तोही आयरिशच, गरिबीतून वर येऊन बडा झालेला. खरी रेघ जमिनीची होती, कुणाकडे पाणवठा आहे आणि कुणाकडे नाही. धर्म आणि मुलूख त्यात होते, नाही असं नाही, पण फक्त तेवढ्याने हे भांडण समजत नाही.

प्र. ती आत असताना शेत कुणी सांभाळलं?

मुलींनी. मॅगी आणि केटने घर, लहान भावंडं, गुरं सगळं ओढलं, वर रात्री-अपरात्री पोलिसांच्या झडत्या, पिठाची पिंपं उलटी करून बघायचे. मोठी मुलगी अ‍ॅनी तर आधीच बाळंतपणात गेलेली. नेडला ११ नोव्हेंबर १८८० ला फाशी झाली तेव्हा एलन त्याच जेलमध्ये होती, त्याआधी तिला भेटू दिलं होतं. 'केलीसारखा मर' असं ती म्हणाली ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल, ती छापायला सोपी आहे एवढंच म्हणेन.

प्र. सुटल्यावर?

फेब्रुवारी १८८१ मध्ये सुटली आणि सरळ ग्रेटाला परत आली. डॅनही ग्लेनरोवन गावात पोलिसांशी झालेल्या चकमकीत मेलेला होता, मुलूख अजून धगधगत होता, केलींच्या बाजूचे लोक पुन्हा उठतील अशी भीती. ग्रॅहम नावाच्या नव्या कॉन्स्टेबलने तिच्याशी नीट बोलून, मान देऊन वागून तिचा विश्वास मिळवला आणि तिच्या शब्दाने पुष्कळ जण शांत झाले. तिचा त्या भागात शब्द चालायचा हे यातून कळतं.

पुढची चाळीस वर्षं कुणी फार लिहीत नाही कारण त्यात बंदूक नाही. जिम हा मुलगा तिच्याजवळ राहिला, लग्न केलं नाही. १८९८ मध्ये केट फोर्ब्जला पाण्यात बुडून गेली, तिची पोरं इकडे आणली आणि साठी उलटलेल्या आजीने ती वाढवली. बारांपैकी निदान सात मुलं तिच्यादेखत गेली. आणि किंगपासूनचा मुलगा जॅक सर्कशीत घोड्यावरच्या कसरती करायचा आणि पुढे वेस्टर्न ऑस्ट्रेलियात चक्क पोलीस झाला. केलीच्या घरात पोलीस, घ्या!

प्र. आज काही बघायला मिळतं का?

बेव्हरिजचं घर आहे, रेडने बांधलेलं, हेरिटेजमध्ये. सेंट फ्रान्सिस चर्च मेलबर्नच्या भर बाजारात, अजून चालू. जुना जेल म्युझियम आहे, तिकीट काढून जाता येतं. एलनची कबर ग्रेटाच्या स्मशानात. इलेव्हन माइल क्रीकच्या जागी फारसं काही उरलेलं नाही आणि ती जमीन खाजगी आहे, तेव्हा रस्त्यावरूनच बघा, तारेचं कुंपण ओलांडून फोटो काढायला जाऊ नका, आत गुरं असतात.